खेळाडू संघ सोडतो तेव्हा चाहता कशाचा हिशेब करतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एनबीएमधले, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधले, मोठमोठे खेळाडू सारखे संघ बदलत असतात, मग तिथल्या चाहत्यांची संघावरची निष्ठा टिकते तरी कशी? की निष्ठा वगैरे आता उरलेलीच नाही आणि लोक नुसते नावामागे धावतात?

अमेरिकेत एनबीएच्या एका संघाच्या तिकीट विभागात मी बरीच वर्षं काम केलं आहे. सीझन तिकीट घेणाऱ्यांशी बोलायचं, त्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि पुढच्या हंगामासाठी त्यांच्या खुर्च्या पुन्हा नक्की करून घ्यायच्या, हे माझं काम. संघाचं नाव घेत नाही, कारण तिथल्या माणसांनी माझ्याशी विश्वासाने बोललेलं आहे. घरच्या मैदानावरच्या ४१ सामन्यांचे पैसे आगाऊ मोजणारा माणूस कधी चिडतो, कधी माफ करतो आणि कधी मुकाट्याने निघून जातो, हे या कामात जवळून दिसतं. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की खेळाडू गेल्यामुळे चाहता तुटत नाही. त्याला जे सांगितलं होतं, किंवा त्याने जे धरून चालावं असं सगळे वागले होते, ते मोडलं की तो तुटतो. खेळाडू किती वर्षं खेळला, किती सामने जिंकून दिले, हा हिशेब त्याच्यानंतर येतो.

टोरंटोची दोन माणसं शेजारी ठेवून पाहा. व्हिन्स कार्टर तिथल्या रॅप्टर्स संघाकडे १९९८ ते २००४ खेळला. कॅनडात पोरांनी हॉकी स्टिक खाली ठेवून बास्केटबॉल हातात घेतला त्याचं मोठं श्रेय त्याला जातं. पण शेवटी त्याने संघ सोडायची इच्छा दाखवली, खेळ मंदावला आणि आपण नेहमीच जीव तोडून खेळलो नाही असं त्याच्या बोलण्यातून बाहेर आलं. डिसेंबर २००४ मध्ये तो न्यू जर्सी नेट्सकडे गेला आणि पुढची दहाएक वर्षं टोरंटोत त्याच्या हातात चेंडू आला की हुर्यो उडायची. दुसरा कवाय लेनर्ड. तो २०१८ मध्ये ट्रेडमधून, म्हणजे दोन संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीतून, आला, तोही डीमार डीरोझनच्या बदल्यात. डीरोझन नऊ हंगाम तिथे खेळला होता आणि त्याला ते शहर सोडायचंच नव्हतं. लेनर्ड एक हंगाम खेळला, २०१९ चं विजेतेपद मिळवून दिलं आणि त्याच जुलैत लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे निघून गेला. डिसेंबरमध्ये पाहुणा म्हणून परत आला तेव्हा त्याला विजेतेपदाची अंगठी दिली गेली आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं.

सहा वर्षं दिलेल्याची हुर्यो आणि एक वर्ष दिलेल्याला मानवंदना. अंगठी हे कारण आहेच, पण तेवढंच नाही. लेनर्डने कुणालाही काही कबूल केलं नव्हतं. त्याच्या कराराचं शेवटचं वर्ष आहे, हे टोरंटोतल्या शाळकरी पोरालाही माहीत होतं. कार्टरच्या बाबतीत लोकांनी त्याच्याभोवती एक आख्खं भविष्य रचलं होतं, आणि ते रचताना त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पुढे नोव्हेंबर २०१४ मध्ये कार्टर मेम्फिसकडून खेळायला आला असताना रॅप्टर्सने त्याच्यावरची चित्रफीत मोठ्या पडद्यावर दाखवली. लोक आधी जरा चाचरले, मग उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, आणि कार्टरच्या डोळ्यांतून पाणी आलं. २०२४ मध्ये त्याची १५ नंबरची जर्सी तिथल्या छताला सन्मानाने टांगली गेली. म्हणजे राग विझू शकतो. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो, आणि कुणीतरी पहिलं पाऊल टाकावं लागतं.

क्लीव्हलंडची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती सांगताना एक बाब नेहमी सुटते. क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सचा सर्वात मोठा खेळाडू लेब्रॉन जेम्स तासाभराच्या अंतरावरच्या अ‍ॅक्रनचा मुलगा. ८ जुलै २०१० ला त्याने थेट टीव्हीवर तासभराच्या खास कार्यक्रमात मायामीला जात असल्याचं जाहीर केलं. रस्त्यावर जर्स्या जाळल्या गेल्या, आणि मालकाने त्याच रात्री चाहत्यांना उद्देशून एक संतप्त पत्र प्रसिद्ध केलं. पुढच्या हंगामात कॅव्हेलियर्स सलग २६ सामने हरले. तरीही त्या हंगामात तिकीटविक्रीचे आकडे चांगलेच दिसत होते. बाहेरच्या माणसाला वाटतं, बघा, केवढी निष्ठा! आमच्या धंद्यातल्या माणसाला कारण लगेच कळतं: सीझन तिकिटांचे पैसे जुलैच्या आधीच भरून झालेले होते. खरी घसरण त्याच्या पुढच्या वर्षी दिसली.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण तुम्ही या विषयाचा अभ्यास करणार असाल तर पहिल्या वर्षाच्या प्रेक्षकसंख्येवर अजिबात विसंबू नका. दुसरं म्हणजे एनबीएत जाहीर होणारी प्रेक्षकसंख्या ही साधारणपणे विकल्या गेलेल्या तिकिटांची असते, दारातून आत आलेल्या माणसांची नव्हे. आम्ही ऑफिसात दुसरा आकडा पाहायचो: दारावर किती तिकिटं स्कॅन झाली. रागावलेला माणूस तिकीट लगेच सोडत नाही. वर्षानुवर्षं सांभाळलेली जागा हातची जाईल ही भीती असते. तो सामने एकेक करून ऑनलाइन विकायला लागतो. आधी मंगळवारचे, मग शुक्रवारचेही. मग खालच्या भागातल्या दोन खुर्च्या सोडून वरच्या भागातल्या घेतो. मग मेव्हण्याला किंवा ऑफिसातल्या कुणाला निम्मा वाटा देतो. या पायऱ्या उतरत उतरत तो तिसऱ्या वर्षी फोन उचलायचा बंद होतो. फोनवर आरडाओरडा करणाऱ्यांची मला कधी काळजी वाटली नाही, ते बहुतेक वेळा परत यायचे. काळजी वाटायची ती ‘बघतो, सांगतो’ म्हणून शांतपणे फोन ठेवणाऱ्यांची.

जेम्स २०१४ मध्ये परतला तेव्हा त्याने टीव्हीवर तमाशा केला नाही, एका नियतकालिकात पत्र लिहिलं. त्या पत्रात त्याने स्पष्ट म्हटलं होतं की मी विजेतेपदाचं वचन देत नाही, ते मिळवणं किती अवघड आहे हे मला माहीत आहे. चार वर्षांपूर्वी पोळलेल्या शहराला आशा दाखवायची, पण मोजून. २०१६ मध्ये सात सामन्यांच्या अंतिम मालिकेत ३-१ अशा पिछाडीवरून क्लीव्हलंडने गोल्डन स्टेट वॉरियर्सना हरवलं आणि शहराला ५२ वर्षांनी एखाद्या मोठ्या खेळातलं विजेतेपद मिळालं. २०१८ मध्ये जेम्स पुन्हा गेला, या वेळी लॉस एंजेलिस लेकर्सकडे. नोव्हेंबरमध्ये परत खेळायला आला तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तोच माणूस, तेच शहर, तेच सोडून जाणं. पण दुसऱ्या वेळी कुणाकडे कुणाची बाकी उरलेली नव्हती.

खेळाडूंच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘आजकालचे खेळाडू निष्ठावान नाहीत’ हे वाक्य मी फोनवर हजारदा ऐकलं आहे आणि ते मला पटत नाही. पूर्वी खेळाडू एका जागी राहायचे त्याचं मोठं कारण, त्यांना जाताच येत नव्हतं. करार संपला तरी हक्क संघाकडेच राहायचा. ऑस्कर रॉबर्टसन खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असताना १९७० मध्ये याविरुद्ध दावा दाखल झाला, १९७६ मध्ये तडजोड झाली, आणि पूर्णपणे मोकळी फ्री एजन्सी, म्हणजे करार संपल्यावर हव्या त्या संघाकडे जायची मुभा, यायला १९८८ उजाडलं. टॉम चेंबर्स सिअ‍ॅटल सोडून फीनिक्सला गेला तो तिचा पहिला लाभार्थी. आजही बहुतेक खेळाडूंना ट्रेड नाकारण्याचा अधिकार नसतो. बॉस्टनच्या आयझया थॉमसची बहीण एप्रिल २०१७ मध्ये अपघातात गेली आणि तो दुसऱ्या दिवशी प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, सामना खेळायला उतरला. ऑगस्टमध्ये संघाने त्याला क्लीव्हलंडला पाठवून दिलं. निष्ठा मागायचीच असेल तर ती दोन्हीकडून मागायला हवी.

आणि हेच डॅलसमध्ये उघड झालं. गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात बोलकं उदाहरण मी तेच मानतो.

डॅलसच्या मैदानाबाहेर डर्क नोविट्स्कीचा पुतळा आहे. तो २१ हंगाम एकाच संघात खेळला आणि २०११ चं विजेतेपद आणलं. पुतळ्यावर निष्ठा कधी मावळत नाही अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे. नोविट्स्कीच्या शेवटच्या हंगामात, २०१८-१९ मध्ये, लुका डॉन्चिच आला. म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हाती मशाल दिली आणि लोकांनी ती देताना पाहिली. २०२४ मध्ये डॉन्चिचने संघाला अंतिम फेरीत नेलं. फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या शनिवारी मध्यरात्री बातमी आली की त्याला लेकर्सकडे दिलं आहे. बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्या फेरीतली एक निवड. डॉन्चिच २५ वर्षांचा होता आणि त्याने जायचं म्हटलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी लोक त्या पुतळ्यापाशी जमले, काहींनी चक्क शवपेटी आणली. पुढे महिनोनमहिने जनरल मॅनेजर निको हॅरिसनला काढून टाका अशा घोषणा होत राहिल्या, अगदी घरच्या सामन्यांत, अगदी फ्री थ्रोच्या वेळी.

एप्रिलमध्ये डॉन्चिच लेकर्सकडून डॅलसला आला, त्याच्यावरची चित्रफीत पाहताना बाकावर बसून रडला आणि मग ४५ गुण करून गेला. घरच्या प्रेक्षकांनी पाहुण्याच्या गुणांवर जल्लोष केला. त्यांची निष्ठा कमी झाली होती का? मला तर ती त्या दिवशी ठासून भरलेली दिसली. फक्त ती कार्यालयात बसणाऱ्यांवर उरली नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसनला जावं लागलं.

या सौद्यामागे एक नियम होता तोही समजून घ्या. केव्हिन ड्युरंट हा मोठा खेळाडू २०१६ मध्ये ओक्लाहोमा सिटी सोडून गेल्यानंतर खेळाडू संघटनेशी झालेल्या २०१७ च्या करारात लीगने अशी सोय केली की निवडक मोठ्या खेळाडूंना स्वतःचा संघ सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेच्या) ३५ टक्क्यांपर्यंत पगार देऊ शकेल आणि दुसरीकडे गेल्यास तेवढा मिळणार नाही. हेतू, खेळाडू टिकावेत. पण डॉन्चिचला त्या उन्हाळ्यात पाच वर्षांचे सुमारे ३४.५ कोटी डॉलर द्यावे लागले असते, आणि त्या आकड्याकडे पाहून संघच मागे सरला. २०२३ च्या करारातली खर्चाची नवी मर्यादा, जिला ‘सेकंड एप्रन’ म्हणतात, ती तर याहून पुढे गेली आहे. २०२४ चं विजेतेपद जिंकणाऱ्या बॉस्टनला पुढच्याच वर्षी ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस सोडावे लागले. त्यामुळे आता चाहत्यांच्या मनातलं चित्र बदलतंय. पूर्वी खलनायक खेळाडू असायचा. आता लोक करारातले आकडे तोंडपाठ करून येतात आणि ‘मालकाने कर वाचवला’ (ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार देणाऱ्या संघाला लीगकडे भरावा लागणारा कर) असं थेट म्हणतात.

मग संघाला चिकटून राहण्याचं बळ येतं कुठून? माझ्या अनुभवात त्याचं उत्तर खुर्च्यांमध्ये आहे. एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या वरच्या भागात दोन जागा होत्या. आमचा मुख्य खेळाडू गेल्यावर त्यांना नूतनीकरणासाठी फोन केला. खेळाडूबद्दल त्या दोनच वाक्यं बोलल्या. मग विचारलं, ‘आमच्या पुढच्या रांगेतले ते बापलेक घेतायत का?’ ग्राहकांची माहिती सांगायची परवानगी नसते, मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग मी त्यांनाच विचारते आणि तुम्हाला कळवते.’ दोन दिवसांनी त्यांचा होकार आला, आणि पुढच्या रांगेचाही. असे फोन मला इतके आले की पुढे मी यादी नावांनुसार न लावता रांगांनुसार लावायला लागलो. एका रांगेतला एक जुना माणूस गेला की आजूबाजूचे डळमळतात. एक टिकला की तिघे टिकतात. सुपरस्टार लोकांना पहिल्यांदा मैदानात आणतो. दहाव्या वर्षी त्यांना आणतो तो शेजारी.

ओक्लाहोमा सिटी हे त्याचं मोठं रूप. त्या शहरात मोठ्या लीगचा दुसरा संघच नाही. वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत ३-१ अशी आघाडी घालवून ज्या वॉरियर्सकडून हार पत्करली, त्यांच्याचकडे ड्युरंट ४ जुलै २०१६ ला गेला. इतका जिव्हारी लागणारा घाव या लीगमध्ये क्वचितच बसला असेल. महिनाभरात रसेल वेस्टब्रुकने करार वाढवला आणि शहराने त्याला डोक्यावर घेतलं. २०१९ मध्ये पॉल जॉर्ज आणि वेस्टब्रुक दोघेही गेले. २०२०-२१ मध्ये संघाने फक्त २२ सामने जिंकले. तरी डिसेंबर २०२३ मध्ये नव्या मैदानासाठी किमान ९० कोटी डॉलरच्या खर्चाला ७१ टक्के मतदारांनी विक्रीकरातून होकार दिला. आणि २०२५ मध्ये विजेतेपद आलं ते शे गिल्जस-अलेक्झांडरच्या हातून, जो पॉल जॉर्जच्या त्याच ट्रेडमधून मिळाला होता. व्यवस्थापनाने मधल्या वर्षांत लवकर जिंकू अशी थाप मारली नाही. वेळ लागेल असं सांगितलं आणि खरंच वेळ लावला.

पण हाच संघ २००८ पर्यंत सिअ‍ॅटलचा होता, हे विसरून चालणार नाही. तिथे खेळाडू नव्हे, संघच उचलून नेला गेला. १९६७ पासूनचा संघ आणि १९७९ चं विजेतेपद, सगळं मागे राहिलं. २०१८ मध्ये वॉरियर्सचा सराव सामना सिअ‍ॅटलमध्ये झाला तेव्हा ड्युरंट तिथला जुना हिरो शॉन केम्पची जर्सी घालून समोर आला आणि मैदान दणाणलं. ज्या ड्युरंटला ओक्लाहोमात शिव्या पडत होत्या, त्याने सिअ‍ॅटलमध्ये फक्त पहिला हंगाम खेळलेला होता. संघ नाही, सामने नाहीत, तरी लोक आहेत. माझ्या मते खेळाडूंच्या स्थलांतराबद्दल जितकं बोललं जातं त्याच्या निम्मं तरी संघांच्या स्थलांतराबद्दल बोललं जायला हवं, कारण तिथे चाहत्याच्या हाती काहीच उरत नाही.

आता तुमच्या-माझ्यासारख्या लांबच्या चाहत्यांबद्दल. पुण्या-मुंबईत पहाटे उठून किंवा सकाळी कॉलेजला जाता जाता मोबाइलवर सामने पाहणाऱ्या मुलांना खुर्ची नाही, शेजारी नाही, शहर नाही. ती खेळाडूच्या मागे जाणार, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्सचे दोन सामने झाले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईचेच, म्हणून आपल्याकडे त्या संघाबद्दल आपुलकी आहे. पण त्या मुलांच्या अंगावर जर्स्या बघाल तर लेब्रॉन आणि करीच्या. लीगला हे चांगलंच चालतं, कारण खेळाडू कुठेही गेला तरी प्रेक्षक लीगमध्येच राहतो. नुकसान होतं ते मागे राहिलेल्या संघाचं, आणि तेही त्याच्या स्वतःच्या शहरात कमी, बाहेर जास्त.

वानखेडेवर आपण हेच पाहिलं. रोहित शर्माच्या जागी गुजरातहून परत आणलेल्या हार्दिक पंड्याला कर्णधार केलं, आणि २०२४ च्या आयपीएलमध्ये मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. हार्दिक मुंबईचा जुना खेळाडू, रोहित संघातच होता, कुणी कुठे पळून गेलं नव्हतं. राग होता तो न विचारता, न सांगता झालेल्या बदलाचा. टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून ४ जुलैला भारतीय संघ त्याच मैदानावर आला तेव्हा हार्दिकच्याच नावाचा गजर झाला.

तुम्ही विचारलं होतं की संघ यावर काय करू शकतात. ट्रेड झाला की त्याच रात्री जुन्या सभासदांना माणसाने फोन करावा, सकाळचा ठरावीक ईमेल कामाचा नाही. त्या हंगामात तिकिटांचे दर वाढवू नयेत. डॅलसने ट्रेडनंतर महिनाभराच्या आसपास वाढवले आणि जखमेवर मीठ चोळलं. गेलेल्या खेळाडूचं चित्र भिंतीवरून रातोरात उतरवू नये. तो पाहुणा म्हणून येईल तेव्हा चित्रफीत जरूर दाखवावी, तिचा खर्च नगण्य असतो. जर्सी घेतल्यावर ९० दिवसांत खेळाडू गेला तर बदलून देण्याची योजना जर्स्या विकणाऱ्या फॅनॅटिक्स कंपनीने काढली होती, तशी प्रत्येक संघाने स्वतःची ठेवावी. आणि शहरभर मोठ्या फलकांवर एकट्या खेळाडूचा चेहरा लावून ‘हे आपलं भविष्य’ म्हणण्याआधी त्याच्या कराराची शेवटची तारीख पाहावी. ज्याच्या कराराचं एकच वर्ष उरलंय त्याच्या नावावर तीन वर्षांची सभासदत्वं विकणारे विक्री विभाग मला माहीत आहेत. तिथे पुढे फोनवर बसणाऱ्या मुलांना जे ऐकावं लागतं, त्याला तो खेळाडू जबाबदार नसतो.